बिनविरोध

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका काउंटीच्या कारभारी मंडळावर ऑर्विल दरवेळी बिनविरोध निवडून यायचा. यंदा त्याने भर सभेत मुलांचा शेतकी क्लब बंद करून टाकला. "पोरांनी जत्रेत वासरं मिरवायची, त्याला सरकारी खर्च कशाला? आणि शिकवणारी कोण, तर माझी बायको!"

सभा हसली. त्या पोरांना वर्षानुवर्षं घडवणारी लुएला मागच्या बाकावरून सगळं ऐकत होती.

निवडणुकीचे अर्ज भरून झाले, त्या संध्याकाळी ऑर्विल जेवताना कुरकुरला, "माझ्याविरुद्ध कोणीतरी उभा राहिलाय म्हणे. कोण आहे तो मूर्ख?"

लुएलाने त्याला आणखी बटाटे वाढले.



"तो नाही, ती. पोटभर जेवून घे, उद्यापासून मी प्रचारात आहे."