इंग्लिश सोडून काहीही

“मम्मा, आय ॲम डूइंग द वेल्श वन!” असं म्हणून मिहिका हिरवळीवरून पळाली, आणि रंजिताच्या हातातल्या फोनमधून सासऱ्यांनी विचारलं, “काय म्हणाली गं ती?”

“काही नाही, बाबा. तयारी चाललीय.”

अंबादासराव तिकडे देवरुखला व्हिडिओ कॉल लावून बसले होते. दुबईतली नात मराठी कविता म्हणणार म्हणून त्यांनी शेजारच्या दोघांनाही बोलावलं होतं. इकडे अल बर्शाच्या पार्कात, वेल्श सणानिमित्त ठेवलेल्या मुलांच्या कविता-कार्यक्रमात, नात डोक्यावर वेल्श पद्धतीची काळी उंच टोपी आणि छातीवर पिवळं कागदी फूल लावून वेल्श मुलांच्या रांगेत उभी होती. रंजिताने नवऱ्याकडे पाहिलं. नागेशने खांदे उडवले. पोपटावरची चार कडवी दोघांनी महिनाभर तिच्याकडून घोकून घेतली होती. आइस्क्रीमचं आमिषही दाखवून झालं होतं. खलास.

हा सगळा कॅरिसचा प्रताप. कॅरिस त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती वेल्सची. तिला चुकून कोणी इंग्लिश म्हटलं, तर ती चहाचा कप खाली ठेवून समजावून सांगायची. दर शनिवारी ती इथल्या वेल्श कुटुंबांना गोळा करून कुठे ना कुठे न्यायची. कधी चित्रांच्या प्रदर्शनाला, कधी लाकडी चमचे कोरायला, कधी फुजैराच्या डोंगरात गाणी म्हणत भटकायला. फुजैरा थेट वेल्ससारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. फक्त गवत, पाऊस आणि मेंढ्या नाहीत. तिची सेरेन आणि मिहिका एकाच वर्गात, म्हणून मिहिकाही या सहलींना जायची. आणि कॅरिस हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून येईपर्यंत सेरेन रोज दुपारी रंजिताच्या घरी असायची.

रंजिताला कॅरिस आवडायची. पण एक गोष्ट तिला सलायची. कॅरिस लेकीला लिफ्टमध्ये वेल्शमधून काही विचारायची, आणि सेरेन वेल्शमधूनच उत्तर द्यायची. रंजिता मराठीतून विचारायची, आणि मिहिका म्हणायची, “ओके, मम्मा.” आपली भाषा आपल्या तोंडातून निघते आणि भिंतीवर आपटून खाली पडते, असं तिला वाटायचं.

“आज एकच नियम,” कॅरिसने माइकवर सांगितलं. “इंग्लिश सोडून काहीही!”

मिहिकाची पाळी आली. तिने घशातून, टाळूवरून, कुठून कुठून आवाज काढत आख्खी वेल्श कविता न अडखळता म्हटली. टाळ्या पडल्या. कॅरिसने डोळे पुसले. रंजितानेही पुसले, पण तिचं कारण वेगळं होतं.

“छान म्हणते हो पोर,” अंबादासराव म्हणाले. “पण म्हणाली काय?”

“मला नाही माहीत, बाबा.”

 पलीकडे शेजारच्यांपैकी एक जण उठून गेलेला रंजिताला दिसला.

मग सेरेन पुढे आली. हात मागे बांधून, मान ताठ करून तिने जाहीर केलं, “माय पोएम इज इन मराठी. आय लर्न्ड इट ॲट रंजिता आँटीज हाउस.”

रंजिता दचकली. तिने सेरेनला कधीच कुठली कविता शिकवली नव्हती. सेरेनने खोल श्वास घेतला आणि अत्यंत गंभीर आवाजात, ठेका धरून सुरू केलं:

“चपला बाहेर!
हात धुतलेस का?
खोटं बोलू नकोस, साबणाचा वास नाही!
एसी कोण बंद करणार, तुझा बाप?
भाजी संपव, भाजी संपव,
नाटकं नकोत, भाजी संपव!”

नागेश बुटाच्या नाडीशी चाळा करू लागला. फोनमधून आधी ठसका आणि मग देवरुखची दोन म्हातारी माणसं एकदम हसल्याचा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या एका वेल्श आजीबाईंनी मात्र डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रंजिताला झालं.

“काय सुंदर लय आहे!” कॅरिस तिच्या कानाशी कुजबुजली. “जुनी आहे का?”

 रंजिताला खोटं बोलायची गरजच नव्हती. “खूप,” ती म्हणाली. “माझ्या आईच्या आईपासून चालत आलीय.”

“समुद्रावर आहे ना?”

“साधारण.”

तेवढ्यात सेरेन थांबली. तिचे ओठ हलले, पण शब्द येईना. तिने आभाळाकडे पाहिलं, मग बुटांकडे. लोक श्वास रोखून वाट बघत होते. तिचा चेहरा लाल झाला, आता ही रडणार असं वाटलं, आणि रंजिता सगळी लाज विसरून मनातल्या मनात पुढची ओळ शोधू लागली. पण आपणच रोज काय ओरडतो, ते तिला आठवेना.

रांगेतून मिहिका बाहेर आली. काळी टोपी मागे सरकवून ती मैत्रिणीजवळ गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अगं, ‘देवा, या पोरींना अक्कल कधी येणार’ राहिलं ना,” ती खणखणीत मराठीत म्हणाली. “आणि ते नुसतं नाही म्हणायचं, कपाळावर हात मारून म्हणायचं असतं!”