पाच नंबरचा टेस्टर

पाच नंबरच्या टेस्टरची तक्रार चौथ्यांदा आली होती.

‘पहिल्या प्रकरणात मेलेल्या पात्राचं वय पुढे वाढत नाही. कृपया सोय करावी.’

“मेलेल्याचं वय वाढवून याला काय लोणचं घालायचंय?” ती म्हणाली.

समोर बसलेली नणंद हसली नाही. एरवी अशा वाक्याला ती हमखास टाळी द्यायची.

ॲप दोघींचं होतं, आणि बाजारात आणण्याआधी काही लेखक टेस्टर म्हणून ते वापरून बघत होते. कोड हिचा, लोकांशी बोलणं नणंदेचं. कादंबरीकारानं प्रत्येक पात्राचं कार्ड बनवायचं, त्यात जन्मतारीख, उंची, सवयी भरायच्या. कथा पुढे सरकेल तसं ॲप वय मोजत जातं. मेलेल्यांचं वय थांबवायचा नियम हिनंच घातला होता. कारण दोन नंबरच्या टेस्टरच्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात गेलेले आजोबा अकराव्यात नातवाच्या लग्नात पोटभर जेवून उठले होते.

“कोण आहे हा पाच नंबर?”

“टेस्टरची नावं तुला सांगायची नाहीत, त्यांचं लिखाण उघडायचं नाही. नियम तुझाच ना, वहिनी?”

“नाव नको. बाई की बुवा, तेवढं तरी सांग.”

“चिमी उठेल आता. काम कर.” नणंदेनं लॅपटॉप मिटला. हिच्याकडे न बघता.

हिच्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी सकाळी नवऱ्यानं अडीच वर्षांच्या लेकीला, चिमीला, दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. डोक्यावर पट्टी धरली, पेन्सिलीनं रेघ मारली.

“पस्तीस इंच! घोडी झाली माझी.”

“घोडी नाही, चिमी!”

मग तो फोन घेऊन गॅलरीत गेला. दर महिन्याचं हे ठरलेलं. रेघ मारायची आणि गॅलरीत जायचं. आज ती कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागोमाग गेली. त्याच्या खांद्यावरून तिला एक ओळ दिसली.

‘उंची सदतीस. आधीचे बूट लहान होत असतील.’

त्यानं फोन उलटा केला.

“कुणाचे बूट?”

“अं? ऑफिसातल्या एकाच्या मुलाचे.” त्यानं कानाची पाळी चोळली. खोटं बोलताना तो हेच करतो, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

“लोकांच्या मुलांची उंची कधीपासून मोजायला लागलास?”

“उलटतपासणी संपली असेल तर चहा टाकू का, वकीलसाहेब?”

दुपारी ते बाहेर पडले. दोन सीटच्या बाबागाडीत डावीकडे चिमी, उजवीकडे नेहमीसारखी लॅपटॉपची पिशवी. दुकानात चिमीला लाल बूट घेतले. पैसे देऊन ती वळली, तर नवरा कोपऱ्यातल्या फळीपाशी उभा. हातात निळा जोड. चिमीच्या मापाहून एक नंबर मोठा. तो तळव्यानं बुटाची लांबी बघत होता.

“हे कुणाला?”

“नुसतं बघत होतो गं.”

परतताना बाबागाडी तीच ढकलत होती. तिच्या डोळ्यांसमोर एक दुसरंच घर उभं राहत होतं. तिथली चौकट, तिथलं मूल, आणि त्याच्या डोक्यावर पट्टी धरणारा हा ओळखीचा हात.

सोमवारी तिनं नणंदेला गाठलंच.

“तुझ्या दादाचं बाहेर काही आहे का? आडपडदा न ठेवता सांग. सदतीस इंचांचं मूल आहे का त्याला कुठं?”

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे आहे!”

“मी त्याला शब्द दिलाय, वहिनी. त्यालाच विचार. पण रागानं विचारू नकोस.” आणि ती डोळे पुसत उठून गेली.

चिमी झोपली होती. उठायला अजून अर्धा तास होता. हिनं तक्रारींची यादी उघडली. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. सगळ्यात वर पाच नंबरची नवी तक्रार होती. रविवार, सकाळी दहा चाळीस.

‘उंची सदतीस इंच टाकली. जतन होत नाही. वयाची अडचण तशीच.’

दहा चाळीसला तो गॅलरीत होता.

तिनं आपला नियम मोडला. पाच नंबरची फाइल उघडली.

कादंबरी नव्हतीच. एकही प्रकरण लिहिलेलं नव्हतं. एकच कार्ड होतं.

बसायची जागा: बाबागाडीत उजवीकडे.

जन्मतारीख चिमीचीच. वेळ सात मिनिटं आधीची.

नाव: ठेवायचं राहिलं.

आणि त्याखाली, तिनंच लिहिलेली लाल ओळ: ‘हे पात्र पहिल्या प्रकरणात मृत आहे. वय वाढवता येणार नाही.’