हरल्यानंतरचा रविवार

शनिवारी कॉलेजचा फुटबॉल संघ घरच्याच मैदानावर पुन्हा सपाटून हरला. रविवारी चर्च सुटल्यावर कोच लॅमार प्रुइट मनाची तयारी करूनच गावातल्या डायनरमध्ये शिरला. तिथे म्हातारा व्हर्जिल बसलेला असणारच होता. संघ हरला की व्हर्जिल भर हॉटेलात कोचची सालटी काढायचा. "अरे प्रुइट, तुझ्यापेक्षा माझी बायको बरी खेळवेल पोरांना!" मागच्या हंगामात तर त्याने कोचच्या अंगावर पाव भिरकावला होता.

आज मात्र व्हर्जिलने हसून शेजारची खुर्ची ओढली. "या कोच, बसा. गुडघा काय म्हणतोय? पॅनकेक घ्या, आज झकास झालेत."

लॅमार चाचरला. "काल... फारच वाईट हरलो आपण."

"हो का?" व्हर्जिल कॉफी ढवळत म्हणाला. "मी नव्हतो आलो. लेकीच्या कुंपणाला रंग देत होतो. जाऊ द्या हो, खेळ आहे शेवटी!"

आजूबाजूच्या टेबलांवरून कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

लॅमार पॅनकेक अर्धवट टाकून उठला. तो तसाच घरी आला, माळ्यावर चढला आणि मोठ्या बॅगा खाली काढायला लागला.

त्याची बायको ओपल धावत आली. "लॅमार, काढून टाकलं की काय रे तुला?"

"अजून नाही," बॅगेवरची धूळ झटकत तो म्हणाला. "पण व्हर्जिल आज माझ्याशी गोड बोलला."