यादीतून निघालेली विहीर

पाणी तपासणाऱ्या मॅडमनी गाडीतून पंप बाहेर काढलाच नाही, तेव्हाच काकांच्या मनात पाल चुकचुकली.

दर तीन महिन्यांनी त्या येत. बंद पडलेल्या वीजकेंद्राच्या कुंपणालगत जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून पाण्याचे नमुने घेत आणि सगळ्यात शेवटी काकांच्या विहिरीवर येत. त्या दिवशी काका सकाळीच दाढी करून बसत. आजूबाजूची घरं केव्हाच रिकामी झाली होती. बोलायला माणूस म्हणून तो एकच दिवस.

"काका, चांगली बातमी आहे," मॅडम म्हणाल्या. "सलग आठ वेळा तुमचं पाणी स्वच्छ निघालं. केंद्राच्या कोळशाच्या राखेचा तलाव झाकून वर माती टाकली, त्याचा गुण आला म्हणायचा. आता प्या खुशाल."

"आणि पुढच्या खेपेला?"

"नळ्यांची तपासणी चालूच राहील. तुमची विहीर यादीतून निघाली."

काका त्या बुजवलेल्या तलावाकडे बघत राहिले. केंद्रात नोकरीला असताना अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातांनी त्यात राख सोडली होती. तीच झिरपत त्यांच्या विहिरीत उतरली, आणि पोटुशी सुनेला घेऊन मुलगा शहरात गेला तो गेलाच.

"जरा नीट बघा ना, मॅडम. थोडंफार तरी खराब असेल."

मॅडम हसल्या. मग काकांचा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं.

काकांनी तिथूनच मुलाला फोन लावला. हल्ली त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे.

"अरे, पाणी निवळलं आपलं! सुट्टीत छोटीला घेऊन या आता. कसली भीती नाही."

"वा, बरं झालं, बाबा," पलीकडून मुलगा म्हणाला. "आता घराला गिऱ्हाईक तरी मिळेल."

"मिळेल की," काका म्हणाले. "न मिळायला काय झालं."

फोन खिशात ठेवताना त्यांना खिसा लवकर सापडेना. मॅडम दुसरीकडे बघत होत्या. मग त्यांनी गाडीचं दार लावलं आणि त्या विहिरीच्या कट्ट्यावर येऊन टेकल्या.

"काका, पाणी देता का?"

काकांनी पोहरा सोडला. पेला घासूनपुसून, भरून पुढे केला. मॅडमनी तो संपवला. "गोड आहे," म्हणाल्या आणि दुसरा मागितला. तो मात्र त्या घोट घोट पीत होत्या, मधेच थांबून दम घेत होत्या. तहानलेलं माणूस असं पीत नाही, हे काकांना कळत होतं.

पेला रिकामा झाला.

"आणखी मिळेल?"

"बैस, पोरी," काका म्हणाले. "ताजं काढतो."