शेवटची प्रत

“ही फाइल डिलीट करून टाका बाई,” असं म्हणत साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले.

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. कंपनीच्या वेबसाइटवरच्या खासगी फाइली तिच्या ताब्यात होत्या. प्रत्येक फाइलला एक यादी. यादीत नाव असेल त्यालाच ती डाउनलोड करता येई. एकदा साहेबांच्या मेव्हण्याने एका इमारतीचे नकाशे चुकून डिलीट केले आणि चार दिवस तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हा साहेबांनी टेबलावर हात आपटून नवा नियम केला. फाइल कोणीही डिलीट केली, तरी यादीतल्या प्रत्येकाला वेबसाइटवरून तत्काळ मेसेज जाईल: कोणी, कधी डाउनलोड केली, कोणी डिलीट केली, आणि सोबत शेवटची प्रत. नियम करून साहेब तो विसरूनही गेले. नियम लक्षात ठेवायला कुलूपबाई होतीच की.

आजची फाइल एका पानाची होती. बांधकामावर माल चढवणाऱ्या लिफ्टचा तपासणी अहवाल. ‘तार झिजली आहे. बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा.’ साहेबांनी तो डाउनलोड करून वाचला आणि लिफ्ट चालूच ठेवली. दहाव्या दिवशी तार तुटली आणि लिफ्ट चालवणारा जिवानिशी गेला. कंपनीने सांगितलं, त्याचाच निष्काळजीपणा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

त्याची बायको रोज येत होती. आताही ती बाहेरच्या बाकावर बसून होती, हातात फोन घट्ट धरून. आपल्या माणसाची चूक नव्हती, एवढंच तिला कोणाकडून तरी खरं ऐकायचं होतं. कुलूपबाईला अहवालाचा कागद छापून गुपचूप तिच्या हातात ठेवता आला असता. पण तो खोटा आहे म्हणायला साहेबांना किती वेळ लागणार?

साहेबांनी आधी गोडीने घेतलं. जुन्या फाइली उगाच जागा अडवतात, म्हणाले. मग तिच्या लेकीच्या कॉलेजची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची रीत तिला पाठ होती. मग आवाज चढला आणि नोकरीची आठवण करून देण्यात आली. अकरा वर्षं ती असल्या वेळी मान खाली घालत आली होती. अपघातानंतरही काही दिवस ती मूग गिळून बसली होती आणि त्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

“मी करणार नाही, साहेब,” ती म्हणाली. “करायचीच असेल तर तुमच्या हाताने करा.”

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. आजवर ऑफिसातली खुर्चीसुद्धा त्यांच्यापुढे कुरकुरली नव्हती. मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्यापासून यायची गरज नाही, असं सांगून त्यांनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला. एका बोटाने आपलं नाव टाइप केलं, मग पासवर्ड. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. वेबसाइटने विचारलं, नक्की डिलीट करायची का? साहेबांनी बटण दाबलं. फाइल गेली.

“एवढं सोपं काम होतं,” ते म्हणाले.

कुलूपबाईने डबा पिशवीत टाकला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ती उठली. आज तिला भीती वाटत नव्हती.

साहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून वाचला. पुन्हा वाचला. आपलंच नाव त्यांना तिथे दोनदा दिसलं.

“हे कोणाकोणाला जातं?” त्यांनी हळूच विचारलं.

“यादीतल्या सगळ्यांना. नियम तुमचाच आहे,” ती म्हणाली. “सकाळी मी यादीत एक नाव वाढवलंय.”

बाहेरच्या बाकावर फोन वाजला.