स्प्रिंगची घरघर

आवाजाचं बटण तीनवर.

गिटारवाल्याने ॲम्प्लिफायरला बुटाचं टोक मारलं. तळाच्या डब्यातल्या, आवाज घुमवणाऱ्या स्प्रिंगा कपाट कोसळल्यासारख्या खणाणल्या. मागे घरघर उरली ती उरलीच.

दुरुस्ती करणाऱ्या मास्तरांची पापणी हलली नाही. कोपऱ्यात विणत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या मांडीवरून मात्र लोकर घरंगळली.

"हे असं आहे," गिटारवाला म्हणाला. "सातला रेकॉर्डिंग आहे. या घरघरीपायी दोनदा पुढे गेलं. आज गेलं तर दुसऱ्याला बोलावणार आहेत."

मास्तरांनी त्याला दिव्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकाला तिथेच बसवायचं, हा त्यांचा नियम. जसा काही चोर पकडून आणलाय.

"पुन्हा सांगा. सावकाश."

त्याने पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यांचा माज असतो एकेक. पण शहरात यांच्यासारखे कान कोणाचे नाहीत, असं सगळेच म्हणत. गिऱ्हाइकाला काही न विचारता घरघर शून्यावर आणतात म्हणे.

बटण पाचवर.

मास्तरांनी स्प्रिंगांचा डबा काढून हातात धरला आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेत हळूहळू फिरवू लागले. घरघर वाढे, कमी होई. फिरवताना ते अधूनमधून बायकोकडे बघत. या वयातही. ती विणकाम थांबवी, सुई वर करी, खाली करी, पुन्हा विणू लागे. एक टाका धड घालता येत नव्हता बाईंना.

"किती वेळ लागेल?" त्याने मागून विचारलं.

मास्तर बोलले नाहीत.

"अर्धा तास," बायकोने सांगितलं.

"तुम्हाला नाही विचारलं."

तिने सुई खाली केली. मास्तरांनी डबा आणखी फिरवला.

सव्वासहा झाले. सुयांची टिकटिक, त्यात ही बाई टक लावून बसलेली. त्याचं डोकं फिरलं.

"बाई, बाहेर बसता का जरा? इथे नीट ऐकायचं काम चाललंय."

तिने मास्तरांकडे पाहिलं. ते पाठमोरे, तारेला कथलाचा डाग देण्यात गर्क.

"मी इथेच बसते रोज."

"बसत असाल. पण तुमचं इथे काम काय?"

तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"काही नाही म्हणता?" तिने विचारलं.

"दिसत तरी नाही. ऐकणारे ते, दुरुस्त करणारे ते. तुम्ही आपल्या सुया नाचवताय."

तिने लोकर गुंडाळली. दारापाशी थांबून म्हणाली, "लागले तर हाक मारा. गल्लीच्या टोकाला आहे."

"तुम्ही? कशाला लागाल?" तो हसला.

बाई गेली. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. आता कसं, माणसाला काम करता येईल.

बटण दहावर.

मास्तरांनी डबा पुन्हा तळाशी ठेवला, हादरे शोषणारा खालचा जाड फोम बाजूला सारला, आणि बटण टोकाला नेलं. घरघरीतून एक शीळ उठली. शिळेची किंकाळी झाली. काचा थरथरल्या.

"मास्तर! कमी करा!"

मास्तरांनी पहिला स्क्रू आवळला.

"मास्तर!"

शेजारचा शिंपी कानांत बोटं घालून दारात आला आणि आल्या पावली पळाला. मास्तरांनी दुसरा स्क्रू आवळला, तिसरा, चौथा. घाई नाही. फडक्याला हात पुसले. चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान.

मग सवयीने त्यांनी मान वर करून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. ते तिच्याकडे बघतच राहिले.

आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं, इतक्या हळू, की त्या किंकाळीत नुसते ओठ हललेले दिसले:

"गेली का हो घरघर?"