तीन तासांची गोळी

तारा जिच्यावर टेकतात ती सतारीची घोडी कानशीने घासत घासत तिचा नाद खुलवायचा, म्हणजेच जवारी काढायची, हे शिकायला इलियासभाईंची बावीस वर्षं गेली होती. सुगंधा डॉक्टरीणबाईंच्या झटपट शिकवणाऱ्या गोळ्या घेऊन अकरा दिवसांत शिकली.

"पोरीच्या हातात जादू आहे," कारखान्याचे मालक रशीदचाचा सगळ्यांदेखत म्हणाले, आणि इलियासभाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या बावीस वर्षांच्या जोडीला एक गोळी घेतली, तर ही कालची पोर कुठे पुरणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप गोळी घेतली आणि कानशी घेऊन बसले. पण समोरच सुगंधा होती. तारेला कान लावताना ती डोळे मिटायची, शाबासकी मिळाली की ओढणीआड हसायची. गोळीच्या अंमलाचे तीन तास संपले, तेव्हा इलियासभाईंची घोडी घासायची तशीच राहिली होती.

आठवड्याने ते डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"हात होता तसाच आहे. पण डोळे मिटले की ती पोर हसताना दिसते आणि जिवाची आग होते. जेवताना, अगदी नमाज पढतानासुद्धा."

"गोळी घेतल्यावर काय करत होता?"

इलियासभाईंनी मान खाली घातली. "तिच्यावर जळत होतो."

"मग तेच शिकलात. गोळीला सतार कळत नाही. त्या तीन तासांत मन जे गिरवतं, ते मेंदूत पक्कं बसतं."

"जाईल ना हळूहळू?"



"इलियासभाई, पोहायला शिकलेला माणूस पोहणं विसरतो का?"